ब्रिज : बचावातील भिडूंचे सहकार्य

ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याविरुद्ध उरलेल्या दोघा भिडूंनी मिळून केलेला खेळ म्हणजे बचाव. बोली जिंकणारा स्वतःची १३ आणि समोर उघडी मांडलेली भिडूची (डमीची) १३ पाने पाहून एकटाच दोन्ही हात खेळतो. बचावपटूंनाही २६ पानेच दिसतात. परंतु त्यांतील १३ डमीची असल्याने आपल्या पक्षाचे अर्धे बळ प्रत्येकास अज्ञात राहते. ते कळविण्याचे साधन म्हणजे पाने टाकण्याचा क्रम.

रूढ संकेतानुसार भिडूच्या उतारीवर मोठे पान टाकल्यास तोच रंग चालू ठेवावा, लहान टाकल्यास बदलावा असे सुचविले जाते. उदा., दक्षिणेची बोली ‘चार इस्पिक’ आहे. तिला १० दस्त हवेत. बचावाने ४ घेतले की ती बुडते. पश्चिमेकडे बदामाचे एक्का, राजा, १०, ६, ३ व डमीत राणी, ७, ४ आहेत. पश्चिमेच्या राजावर पूर्व अठ्ठी टाकतो व पाठोपाठच्या एक्क्यावर दुर्री. मोठ्यानंतर लहान पान पडल्याने पूर्वेकडील बदाम संपल्याचे पश्चिमेस उमगते. तो तिर्री उतरतो आणि डमीच्या राणीवर पूर्व हुकूम मारतो. पूर्वेकडे किलवर एक्का असल्यास चौथा दस्तही हाती येतो. पूर्वेने आधी दुर्री टाकली असती, तर राणी मोठी होईल या भीतीने पश्चिमेने बहुधा रंग बदलला असता.

मात्र हे संकेत प्रतिपक्षही वाचतो. त्यामुळे प्रत्येक पानाने काही सांगू पाहणारा बचावपटू पुष्कळदा शत्रूचेच काम सोपे करतो. भिडूस उपयोगी पडेल तेवढेच सांगणे हे खरे कौशल्य होय.

घरगुती मेंढीकोटात भिडूस डोळ्याने केलेली खूण हसण्यावारी नेली जाते. ब्रिजमध्ये तो गंभीर अपराध आहे. पान टाकताना घेतलेला मुद्दाम विलंब, स्वर वा हावभाव यांतून माहिती देणे निषिद्ध असून, भिडूंमधील संकेत प्रतिपक्षापासून गुप्त ठेवता येत नाहीत. १९७५ च्या बर्म्यूडा बोल स्पर्धेत भिडूंमध्ये पडदे लावले असतानाही एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा आरोप झाला व तिला ताकीद मिळाली. त्यानंतर त्या स्पर्धेत टेबलाखालीही अडसर ठेवण्यात आला.

जोड्यांच्या स्पर्धांत तीच पाने अनेक टेबलांवर खेळली जात असल्याने एखाद्या जादा दस्तानेही क्रमवारी बदलते. म्हणून तेथे बचावास विशेष महत्त्व असते. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताच्या प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी मिळविले.