ब्रेकचे दोन हिशेब

वैशाखाचे दिवस होते. थोरल्या चिरंजीवांची पाचगणीच्या शाळेतील वार्षिक परीक्षा आटोपली, म्हणून त्यांना घरी आणण्यासाठी आम्ही सहकुटुंब गेलो होतो. परतताना गाडीत मातोश्री, सौभाग्यवती, दोन मुले आणि मी. शिवाय ट्रंक, वळकटी आणि वर्षभराची पुस्तके. पसरणी घाट उतरू लागलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आमच्या घरात वडिलांच्या काळापासूनची रीत अशी, की उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी आणि ब्रेकवर सावरत न्यावी. तेवढेच पेट्रोल वाचते. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. पेडलमध्ये काही जोरच उरला नव्हता.

पेडल भराभर चार-पाच वेळा मारले, तेव्हा थोडी पकड आली. गाडी तिसऱ्या आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या चरीत चाक उतरवून ती कशीबशी उभी केली. मातोश्री काही बोलल्या नाहीत. धाकटीचा हात मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

खरे आश्चर्य पुढे होते. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिले, तर ते पहिल्यासारखेच कडक! जणू काही घडलेच नव्हते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश वाईपर्यंत आणली.

आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी चाके उतरवली गेली. कारागीर म्हणाला, “शेठ, लायनर अजून सहा मिलिमीटर आहेत. ब्रेकला काहीही झालेले नाही.” तो खोटे बोलत नव्हता, पण त्याने पाहिला तो निम्माच हिशेब. समाधान न झाल्याने पेठेतील एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी लायनरकडे पाहिलेदेखील नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढले आणि विचारले, “हे कधी बदलले होते?” मला आठवेना. बिले काढून पाहिली तेव्हा उमगले, की पाच वर्षांत ऑइल तीनदा ‘भरले’ होते, बदलले एकदाही नव्हते. नवे ऑइल फिकट पिवळसर असते. आमचे चहाच्या काढ्यासारखे झाले होते.

येथे थोडे कारण समजून घ्यावे लागेल. आपण पेडल दाबतो तो जोर नळीतील ऑइल चाकापर्यंत नेते, कारण द्रव पदार्थ सहसा दाबला जात नाही. परंतु प्रचारात असलेली डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची ब्रेक ऑइले हवेतील ओलावा शोषून घेणारी आहेत. गाडी चालो वा न चालो, रबरी नळ्यांतून आणि झाकणाच्या फटीतून पाणी त्यांत मुरतच राहते. प्रमाणानुसार नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र सहज दाबली जाते. पाय तळाला जातो तो त्यामुळे. गाडी थंड झाली, बुडबुडे विरले, की पेडल पूर्ववत. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोष सापडत नाही, तोही याचमुळे.

एवढी उष्णता येते कोठून? पाचगणीहून वाईपर्यंत आपण जवळजवळ ६०० मीटर खाली उतरतो. माणसे आणि सामान धरून आमची गाडी १,४०० किलोची मानली, तर त्या उतारात जी ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते, ती सुमारे २५ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. ज्या घरांत रोज सकाळी पिण्याचे पाणी उकळले जाते, तेथील गृहिणींना पंचवीस लिटर म्हणजे किती आच, हे सांगावे लागणार नाही. त्यातील काही भाग वारा आणि टायर घेतात. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या माथी येतो. आणि ज्या बचतीसाठी हे करायचे, ती तरी होते का? आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअर लागलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा जवळपास थांबतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. आमची पिढीजात काटकसर कार्ब्युरेटरच्या काळातली होती, आणि तेव्हाही ती धोक्याचीच होती. काहीजण इंजिनच बंद करतात. तसे केल्यास ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखे होते.

म्हणून ब्रेकचे हिशेब दोन ठेवावेत. लायनर रस्त्यावर झिजतात, ऑइल दिवसांनी जुने होते. दुकानाचा माल पोहोचवणारी, दिवसभर बाजारपेठेत थांबत-निघत फिरणारी गाडी पंचवीस हजार किलोमीटरांत लायनर संपवील. महामार्गावर धावणारी साठ हजारांपर्यंतही नेईल. घरची दुसरी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार चालत असेल, तर तिचे लायनर नव्यासारखे दिसतील, पण ऑइल शेजारच्या गाडीइतकेच म्हातारे झालेले असेल. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ऑइलसाठी दोन वर्षांच्या आसपासची मुदत असते. आपल्या गाडीची पाहून घ्यावी आणि गाडी कितीही कमी चालली तरी ती पाळावी. हा खर्च कुटुंबाच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून फारसा अधिक नसतो.

डबीतील ऑइल कमी झाले की भरून टाकण्याची घाईही करू नये. लायनर झिजतात तसे कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतात आणि तेवढे ऑइल खाली उतरते. म्हणजे घटलेली पातळी हाच लायनर पाहण्याचा निरोप असतो. आमच्याकडे तीनदा तो निरोप पुसून टाकला गेला. लायनर जाड असूनही पातळी घटत असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती शोधल्यावाचून गाडी बाहेर काढू नये. आणि एक आपल्या व्यापारी स्वभावाला न रुचणारी गोष्ट: मागच्या वर्षीची अर्धी उरलेली ऑइलची बाटली वापरू नये. उघड्या बाटलीतही ओलावा शिरलेला असतोच.

लायनरचा हिशेब सोपा आहे, कारण तो मोजता येतो. पुढच्या चाकांच्या डिस्कवरील नव्या पॅडच्या घर्षणपट्टीची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. ती ३ मिलिमीटरवर आली की बदलण्याची वेळ झाली. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली, तर जवळपास एवढी जाडी भरते. चाकाच्या जाळीतून दिसते ती बाहेरची पट्टी. आतली पुष्कळदा अधिक झिजलेली असते, तेव्हा चाक उतरवून दोन्ही पाहण्याचा आग्रह धरावा. डिस्कचीही किमान जाडी ठरलेली असते आणि बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पॅड बदलताना एकाच बाजूचे कधीही बदलू नयेत. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत.

बाकी खुणा कानाला आणि पायाला कळतात. ब्रेक दाबताच बारीक, तीक्ष्ण किंचाळी ऐकू येते, ती अनेकदा पॅडवर मुद्दाम बसवलेल्या पत्र्याची असते. पट्टी संपत आल्याची ती सूचना आहे, आठवडाभरात गाडी दाखवावी. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट आला, तर त्या दिवशी गाडी वापरूच नये. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा आहे. सिग्नलवर पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडर आतून गळत असण्याचा संभव मोठा. गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर एका चाकाचा कॅलिपर अडकला असेल. ब्रेक मारताना पेडल थरथरते ते बहुधा डिस्कची जाडी असमान झाल्याने. मात्र जोराचा ब्रेक निसरड्यावर मारल्यावर पायाला धडधड जाणवली, तर ते एबीएसचे काम आहे. घाबरून पाय उचलू नये.

चातुर्मासात आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे जागेवर असतात. डिस्कवर तांबूस गंज दिसेल. वरवरचा असेल तर पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो, खड्डे पडले असतील तर मिस्त्रींना दाखवावे. हँडब्रेक ओढून ठेवला तर मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावावी.

आता आमच्या गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही असते. एका पानावर किलोमीटर आणि पॅडची जाडी, दुसऱ्यावर ऑइल बदलल्याची तारीख. चिरंजीवांनी ती आपण होऊन सांभाळायला घेतली आहे. मागच्या महिन्यात नवे पॅड घातले, तेव्हा गाडी गॅरेजातून बाहेर काढण्यापूर्वी त्यांनीच मला थांबवले आणि पेडल जागेवर चार-पाच वेळा दाबायला लावले. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेले असतात. पहिला दाब रिकामाच जातो. तो गॅरेजच्या आत जाऊ द्यावा, रस्त्यावर नव्हे. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर आम्ही सावकाश चालवले आणि मग पुन्हा पाचगणीला गेलो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागून हॉर्न पुष्कळ वाजले.