नाव शारदाबाईंचं!

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, वाचनालयात फेटेवाल्या गृहस्थांच्या तसबिरीला हार दिसतो ना, ते डॉ. एस. आर. रंगनाथन. जन्म १८९२चा, तमिळनाडूतला. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला म्हणे कंटाळलेच! पण मग जन्मभर तेच एक वेड. वाचकाला ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यांचा आग्रह. १९३१मध्ये मन्नारगुडी भागात बैलगाडीतून पुस्तकं खेडोपाडी निघाली, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

मला मात्र भावते ती घरातली गोष्ट. पहिली पत्नी रुक्मिणी १९२८मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी शारदाबाई घरात आल्या. १९५६मध्ये रंगनाथन यांनी आयुष्यभराची बचत, १ लाख रुपये, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिली आणि अध्यासनाला नाव दिलं पत्नीचं. त्या काळचे लाख रुपये! पगारदाराच्या घरात एवढी शिल्लक उगाच पडते का, मैत्रिणींनो? तेला-मिठाचा हिशेब कुणीतरी काटेकोर ठेवलेला असणारच.

१९७२मध्ये, ऐंशी वर्षांचे होऊन, रंगनाथन बंगळूरला वारले. तिथंही त्यांनी ग्रंथालयशास्त्रासाठी निधी उभा केला होता. त्यालाही नाव शारदाबाईंचंच.