सागाच्या मुलखात परका पाइन

सिल्वासाभोवती साग आहे. दादरा व नगर हवेलीचा पसारा अवघा ४९१ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ४० टक्के भाग जंगलाखाली. साग, खैर, ऐन. तरीही मसाट, राखोली, खडोलीच्या कारखान्यांचा माल ज्या लाकडी पॅलेटवर चढून बाहेर पडतो, तिथे सागाचं नाव नसतं. पॅकिंगला हलकं आणि स्वस्त लाकूड लागतं, आणि पश्चिम भारतात ते मुख्यतः कांडला बंदरात उतरलेल्या पाइनचं असतं. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि ‘एचटी’ अशी अक्षरं असतात. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवून कीड मारली, याची ती खूण.

हे लाकूड बाहेरून का आणावं लागतं? भारताच्या १९८८च्या वननीतीने जंगलाकडे उत्पन्नाचं साधन म्हणून पाहणं थांबवलं. १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर आराखड्याविना चालणारी वृक्षतोड रोखली. चीनला असंच वळण १९९८च्या यांगत्से नदीच्या महापुराने लावलं. तिथेही नैसर्गिक जंगलातली तोड आवरली गेली. दोन्ही देश जवळजवळ एकाच दशकात परक्यांच्या लाकडाकडे वळले. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या निघाल्या.

चीनने १९९९मध्ये ओंडके आणि फळ्या, दोन्हींवरचा आयातकर शून्यावर आणला. सुरुवातीला रशियाचे ओंडके रेल्वेने येत. २००८च्या सुमारास रशियाने ओंडक्यांच्या निर्यातीवर २५ टक्के कर बसवला. त्याच वेळी अमेरिकेतली घरबांधणी कोसळली आणि कॅनडाच्या लाकूड कारखान्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. चीन त्यांच्या दारी गेला. ओंडके न्यूझीलंडकडून, कापलेल्या फळ्या कॅनडा आणि रशियाकडून, अशी विभागणी झाली. २०२२पासून रशियाने पाइनवर्गीय ओंडक्यांची निर्यातच बंद केली, तरी चीनची फारशी कोंडी झाली नाही. त्याला जास्त फटका बसला तो घरातल्याच मंदीचा: २०२१नंतर गृहबांधणी ढासळली आणि मागणी घटली.

भारताने ओंडक्यावर ५ टक्के आणि फळीवर १० टक्के कर ठेवला. साहजिकच ओंडका आला, फळी मागे राहिली, आणि कापण्याचं काम कांडलाजवळच्या गांधीधामच्या आरा गिरण्यांकडे गेलं. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. त्यावर कच्छात हजारो हातांना रोजगार मिळतो. पण त्याची किंमतही आहे. सालीसकट आलेल्या ओंडक्यात कीड लपते, म्हणून भारत मिथाइल ब्रोमाइडची धुरी मागतो. या वायूने ओझोनचा थर विरतो, म्हणून न्यूझीलंडने १ जानेवारी २०२३पासून जहाजाच्या पोटात ती धुरी देणं बंद केलं. तिथून येणारा भारताचा पुरवठा आटला. उरुग्वेच्या पाइनला दार उघडलं. ओंडक्यांसोबत फळ्याही घेणाऱ्या चीनच्या हाताशी पर्याय होते, ओंडक्यावर विसंबलेल्या आपल्याकडे कमी.

न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन मूळचा कॅलिफोर्नियाचा. लागवडीत तो २५ ते ३० वर्षांत तोडणीला येतो. सागाला त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणून दादरा व नगर हवेलीतल्या खानवेलकडचा साग उभा राहावा आणि पॅलेटसाठी लागवडीचं झाड कापलं जावं, हे मला मनापासून पटतं. मात्र ती लागवड सगळी समुद्रापलीकडेच का असावी? पॅलेटला सागाचा टिकाऊपणा लागत नाही. गुजरात-महाराष्ट्रातल्या शेतांच्या बांधांवर निलगिरी आणि सुबाभूळ आधीच वाढते आहे. सिल्वासाच्या कारखान्यांनी ती नीट सुकवून, तापवून वापरायला घेतली, तर त्या पैशाचा काही वाटा शेजारच्या शेतकऱ्याच्या हाती पडेल.