गुलूचा शिवणवर्ग

उत्तर युगांडात अबोके नावाचं गाव आहे. तिथे कॅथलिक धर्मभगिनींनी उभी केलेली मुलींची निवासी शाळा आहे. १९९६च्या ऑक्टोबरात एका रात्री देवाच्या नावानं लढणाऱ्या जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर टोळीची माणसं त्या शाळेत घुसली आणि १३९ मुलींना धरून घेऊन गेली. सकाळी उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा एका शिक्षकाला सोबत घेऊन थेट जंगलात शिरल्या. लुटलेल्या खाऊच्या गोळ्यांचे कागद वाटेवर पडले होते, त्यांवरून माग लागत गेला. टोळी गाठल्यावर म्होरक्यानं मातीत आकडे लिहून दाखवले: १०९ परत देतो, ३० ठेवतो. सिस्टरनी त्या तिसांच्या बदल्यात स्वतःला देऊ केलं, पण तो ऐकेना. १०९ मुली घेऊन त्या परतल्या.

ही हकिकत जगभर गेली आणि ती जायलाच हवी होती. पण मला त्याहून मोठं वाटतं ते नंतरचं काम, सुटून आलेल्या मुलींना पायावर उभं करण्याचं.

कोनीच्या लोकांनी वीसएक वर्षांत हजारो मुलंमुली पळवल्या. मुलगी हाती लागली की तिला एखाद्या म्होरक्याची ‘बायको’ म्हणून वाटून टाकत. चौदापंधराव्या वर्षी गेलेली मुलगी पुढे संधी साधून पळून यायची, तेव्हा तिच्या पाठीवर एक मूल असायचं, कधी हाताशी दुसरं. उत्तर युगांडातल्या अचोली लोकांत परतलेल्या माणसासाठी एक विधी आहे. घरात शिरण्याआधी त्यानं कच्च्या अंड्यावर पाय देऊन ते फोडायचं. बाहेरचा विटाळ तिथेच संपला, असं मानतात. मुलगी अशी घरात यायची खरी, पण तिच्या मुलाचं काय? अचोलींमध्ये कूळ बापाकडून चालतं आणि कसायला जमीन मिळते ती कुळाकडून. या मुलांचा बाप जंगलात तरी असे, नाहीतर मेलेला, आणि त्याचं गाव कुठलं हे पुष्कळदा आईलाही ठाऊक नसे. आजोळचे लोक म्हणत, हे कोनीचं पोर, आमच्या जमिनीत याचा वाटा कसा? सगळं पोट शेतीवर चालणाऱ्या मुलखात याचा अर्थ सरळ होता. जमिनीशिवाय जगण्याचं काहीतरी साधन त्या आईला हवं होतं.

इथे त्याच भागातल्या गुलू शहरातल्या सेंट मोनिका शिवणशाळेचं मोल कळतं. २००१मध्ये सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे तिथे प्रमुख म्हणून आल्या तेव्हा मुलींची संख्या रोडावली होती. ज्या होत्या त्यांतल्या काही अभ्यासात मागे पडत होत्या, गप्प गप्प असत. हळूहळू उलगडलं की त्या कोनीच्या तावडीतून आलेल्या आहेत. मग सिस्टरनी रेडिओवरून निरोप दिला: ज्या परत आल्या आहेत त्यांनी यावं, मूल असेल तर मुलाला घेऊन यावं. हे दुसरं वाक्य फार मोलाचं होतं. लेकुरवाळ्या मुलीला शाळेत घेत नसत. इथे पाळणाघरच सुरू झालं. आई मशीनवर आणि मूल पलीकडच्या खोलीत.

शिवण, स्वयंपाक, विणकाम असे व्यवहाराचे विषय पुढे आले. डबाबंद पेयांच्या झाकणावर ओढायची ॲल्युमिनियमची कडी असते, ती गोळा करून पर्स विणायचं कामही निघालं. कडीला दोन भोकं असतात. एकीवर दुसरी अर्धी चढवायची, क्रोशाच्या सुईनं दोरा भोकातून ओढून गाठ मारायची, की खवल्यांसारखी चकचकीत वीण उभी राहते. या पर्स परदेशात विकल्या जाऊ लागल्या. देवाचं नाव घेऊनच ज्यांना पळवलं, मारलं, त्यांच्यासमोर मिशनच्या धर्मभगिनींनी आधी सुईदोरा ठेवला, प्रवचन नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

याला मर्यादा आहेत आणि त्या बोलायला हव्यात. बाजारात शिंपीणकाम करणाऱ्या वाढल्या की मजुरी उतरते. परदेशी गिऱ्हाइकाच्या कनवाळूपणावर चाललेली विक्री किती वर्षं टिकणार, हाही प्रश्न आहेच. शिवाय मशीननं घर चालतं, पण कुळात जागा मिळत नाही.

न्यायालयानं काही केलं ते फार उशिरा. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं २०२१मध्ये कोनीचा एक सेनापती डॉमिनिक ओंगवेन याला दोषी ठरवून २५ वर्षांची शिक्षा दिली. जबरदस्तीचं लग्न आणि लादलेलं गर्भारपण हे गुन्हेही त्यात होते. ओंगवेनलाही लहानपणी असंच पळवून नेलेलं होतं. जमिनीचा प्रश्न मात्र तसाच आहे. जंगलात जन्मलेली मुलं आता विशी ओलांडून गेली आहेत, त्यांना स्वतःची घरं बांधायची आहेत. काही आया अजूनही मुलाच्या बापाच्या गावाचा पत्ता काढत फिरतात, कुणी आप्त भेटला तर मुलाला निदान झोपडीपुरती जागा मागावी म्हणून.