डार्टमूरच्या दगडी घरात चार रात्री

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचे ९५४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९५१ मध्ये त्याला हा दर्जा मिळाला. मात्र ‘उद्यान’ या शब्दाने वाचकांनी फसू नये. येथे ताटवे नाहीत. आहेत ते ग्रॅनाइटचे सुळके, दलदल आणि बघता बघता उतरणारे धुके. गेल्या ऑक्टोबरात विडेकंब गावाजवळच्या एका कॉटेजमध्ये आम्ही चार रात्री राहिलो. सोबत भारतातून आलेली आई होती.

घराच्या भिंती हातभर जाड, आणि दार इतके बुटके की पहिल्याच संध्याकाळी माझे कपाळ आपटले. मोबाईलला रेंज नाही, हे आमच्या व्यवसायात वरदानच! या भागातली जुनी शेतघरे, म्हणजे ‘लाँगहाऊस’, उताराच्या दिशेने लांबट बांधलेली असत. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गुरे, छप्पर एकच. “म्हणजे आपल्यासारखंच की,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ग्रिम्सपाउंडला निघालो. तेथे कांस्ययुगातील चोवीस घरांची दगडी वर्तुळे उरली आहेत. माळावर पाऊल टाकण्याआधी आई थबकली. “जमीन कोणाची? कोणी हाकलणार नाही ना?” वाटेत तिने हे तीनदा विचारले. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबली. बांधावरून जातानासुद्धा मालकाची नजर चुकवावी लागे.

तिला मी सांगितले ते असे : येथील बहुतेक सामायिक चराईचे माळ खाजगी मालकीचे आहेत, तरीही १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने त्यांवर पायी किंवा घोड्यावरून फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. तंबू ठोकून रात्र काढणे त्यात येते काय, यावरून एक जमीनमालक दाम्पत्य न्यायालयात गेले. २०२३ च्या जानेवारीत निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो फिरवला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हक्क एकमताने उचलून धरला.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. उत्तरेकडे लष्कराच्या गोळीबाराचे टापू आहेत. लाल निशाण दिसले की पुढे जाऊ नये. मोकळ्या फिरणाऱ्या तट्टांना मालक असतात, त्यांना काही खाऊ घालू नये. अरुंद रस्त्यांवर गाडी मागे घेण्याची तयारी ठेवावी.

परतताना आई सर्वांच्या पुढे होती. एका शिळेवर बसून तिने डबा उघडला, भाकरीचे तुकडे केले आणि समोरून येणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्याला हाताने खूण केली, ये, बस.