छातीतली धडधड कुणाला सांगायची?

तरावीहची नमाज सुरू आहे. मशीद भरलेली, खांद्याला खांदा लागलेला. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठलंही गाव घ्या. रमजानच्या रात्री हे चित्र सारखंच. समजा, तिसऱ्या रांगेत पंचविशीतला एक मुलगा उभा आहे. पाचव्या-सहाव्या रकातीला त्याची छाती धडधडू लागते. तळहात ओले होतात, पंख्याखाली घाम फुटतो, श्वास पुरत नाही. आपण आता इथेच कोसळणार, मरणार, अशी त्याची खात्री होते. दार पंधरा पावलांवर आहे. पण रांग मोडून निघालं तर सगळे बघतील. तो तसाच उभा राहतो. दहा-पंधरा मिनिटांनी लाट ओसरते. बाहेर चपला शोधताना मित्र विचारतो, “काय रे, चेहरा असा का झाला?”

“काही नाही. इफ्तारला भजी जास्त झाली.”

याला डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. आपल्याकडे ‘जीव घाबरा झाला’, ‘बीपी लो झाला’, ‘नजर लागली’, नाहीतर ‘बाहेरचं आहे’ असं म्हणून विषय संपतो. खरं तर शरीराची धोक्याची घंटा धोका नसताना वाजलेली असते. वाघ समोर आल्यावर जे रसायन रक्तात उतरतं तेच उतरतं, फक्त वाघ नसतो. बहुतेक वेळा ही लाट काही मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते. पहिल्यांदा असं झालं की माणूस हृदयविकाराचा झटका समजून दवाखाना गाठतो. ते बरोबरच आहे. आधी हृदय तपासून घ्यायलाच हवं. पण ईसीजी ‘नॉर्मल’ आला, की घरचे म्हणतात, “बघ, काहीच नाही. उगीच घाबरतोस.” त्या ‘काहीच नाही’मुळे पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही.

आणि पुढची वेळ येईल याच धास्तीनं तो एसटीत बसायचं टाळतो, लग्नाला जायचं टाळतो, शेवटी जुम्म्यालाही मागे मागे राहतो. लपवणं हेच रोजचं काम होऊन बसतं.

लपवण्यामागे कारणं नाहीत असं नाही. आपल्या विदर्भात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की कुणीतरी नागपूरच्या पागलखान्याचा विनोद करतोच. मुलीच्या बाबतीत तर अम्मी आधीच बजावते, “बाहेर बोलू नकोस, स्थळं येणार नाहीत.” ही भीती मोहल्ल्यात आहे तशी वाड्यातही आहे. नोकरीवाल्याला साहेबाची धास्ती, दुकानदाराला गिऱ्हाइकाची. ‘मन मोकळं करा’ असं भिंतीवर लिहिणं सोपं. मोकळं केल्यावर काय काय हातचं जातं, याचा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो.

हा हिशेब एका फार मोठ्या माणसालाही चुकला नव्हता. इमाम गझाली हे इस्लामी विद्वत्तेतलं पहिल्या रांगेतलं नाव. बगदादच्या निजामिया मदरशात ते ३०० विद्यार्थ्यांना शिकवत. इ. स. १०९५ मध्ये, चाळिशीच्या आत असताना, त्यांची जीभच अडली. शिकवायला बसावं, तर शब्द फुटेना. घास गिळवेना, अन्न पचेना. हकिमांनी हात टेकले. दुखणं मनातून उठलंय, मन शांत झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं त्यांचं निदान. गझालींना पॅनिक अटॅक येत होते असं म्हणण्यात अर्थ नाही. ते स्वतः त्याकडे आत्म्याचा पेच म्हणून पाहत होते. लक्षात घ्यावं ते पुढचं. त्यांनी बगदाद सोडलं, तेव्हा लोकांना खरं सांगितलं नाही. मक्केला जातो म्हणाले आणि मनात ठरवलेल्या दमास्कसच्या वाटेला लागले. खलिफाला आणि मित्रांना आपला बेत कळू नये, अशी त्यांची इच्छा होती. दहापेक्षा जास्त वर्षांनी मात्र त्यांनी आपल्या आत्मकथनपर ग्रंथात हे सगळं लिहिलं: अडलेली जीभ, न उतरणारा घास, आणि लोकांना दिलेलं ते खोटं कारणसुद्धा. एवढ्या मोठ्या आलिमाला सांगायला दहा वर्षं लागली, तर तिसऱ्या रांगेतल्या मुलानं भज्यांवर ढकललं, यात नवल कसलं?

रमजानमध्ये हा पेच आणखी घट्ट होतो, कारण या महिन्यात प्रश्न बाजारात विचारला जातो: “रोजा आहे ना?” अपुरी झोप, दिवसभर पाणी नाही, सकाळचा चहा तुटलेला, एवढ्यानंही छाती धडधडते, आणि आधी झटका येऊन गेलेल्याला तीच धडधड पुन्हा झटक्याकडे नेऊ शकते. औषध चालू असेल तर ते मनानं बंद करणं धोक्याचं. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारून ती सहेरी किंवा इफ्तारच्या वेळेवर नेता येते. आणि डॉक्टरच ‘सध्या रोजा नको’ म्हणाले, तर कुरआनातच आजाऱ्याला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. त्या सवलतीत ताप आणि छातीतली धडधड असा भेद करून गल्लीतल्या कुणी निवाडा द्यायचं कारण नाही. घरातल्या बायकांना महिन्यातले काही दिवस रोजा नसतो. शहाण्या घरात त्याबद्दल कुणी विचारत नाही. न विचारण्याची ही रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती थोडी पुढे नेली तरी पुष्कळ.

मग सांगायचं कुणाला? सगळ्यांना मुळीच नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचं तोंड कोरडं पडलं, अंग कापू लागलं, हातातून गांडीव निसटू लागलं. तो ते सैन्याला सांगायला गेला नाही. रथावरच्या एकाला सांगितलं.

रमजानच्याच महिन्यात हिरा गुहेतून हजरत मुहम्मद पैगंबर (स.) थरथरत घरी आले. तो वह्यीचा, ईश्वरी संदेशाचा प्रसंग. आजाराशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पण घरी आल्यावर काय घडलं ते प्रत्येक मुस्लिम घरात सांगितलं जातं. मला पांघरूण घाला, असं ते म्हणाले. बीबी खदीजांनी आधी पांघरूण घातलं. भीती ओसरल्यावर सगळं ऐकून घेतलं. ‘उगीच घाबरता’ असं म्हटलं नाही. तुम्ही नात्यागोत्याला जपता, दुबळ्यांचा भार उचलता, अल्लाह तुम्हाला एकटं सोडणार नाही, असा धीर दिला. आणि मग जाणत्या वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. १० रमजान हा बीबी खदीजांचा स्मृतिदिन मानतात.

घरातलं असं कुणी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. सरकारी, मोफत, रात्री तीनलाही चालू, आणि मराठीतून बोलता येतं. दवाखान्याची पायरी चढायचीच झाली, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. काही अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय डॉक्टर ती मालकाला किंवा होणाऱ्या सासऱ्याला सांगू शकत नाहीत. साहेबाला सांगायचं की नाही, हे मग बरं वाटल्यावर निवांत ठरवता येतं. कधीच नाही सांगितलं, तरी तो खोटेपणा नव्हे.

समजा, त्या मुलानं शेवटी चपला शोधणाऱ्या मित्राला सांगितलं. मित्राला फारसं काही कळलं नाही. “हं” म्हणाला आणि दोघं चहा न घेताच घरी गेले. दुसऱ्या रात्री तरावीहला मित्र लवकर आला आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, दोघांची जागा धरून बसला. कुणीतरी विचारलं, आज इतक्या मागे का?

“गुडघा दुखतोय माझा,” मित्र म्हणाला.