खोकला थांबला, चव गेली

कान कोरताना काही जणांना एकदम ठसका लागतो. घशात काहीच अडकलेलं नसतं, तरीही. कारण कानाच्या नळीत व्हेगस नसेची एक बारीकशी फांदी पोचलेली असते, आणि घशाची, श्वासनळीची खबर मेंदूपर्यंत नेणारी नसही व्हेगसच.

आठ आठवड्यांहून अधिक टिकला की खोकला जुनाट म्हणायचा. एक्स-रे स्वच्छ, दमा नाही, पित्ताची औषधं घेऊन झालेली, तरी हसताना, फोनवर बोलताना ढास लागतेच. अशा रुग्णांची ही व्हेगस नसच हळवी झालेली असते. नसेच्या टोकांवर प्रथिनांची दारं असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत घुसतात आणि संदेश निघतो. मिरचीची फोडणी करपल्यावर घरभर खोकला उठतो तो टीआरपीव्ही-१ या दारामुळे. खोकल्याच्या औषधासाठी मात्र आशा वाटली ती पी२एक्स३ या दाराकडून.

ते उघडतं एटीपीने. हो, शाळेत ‘पेशीचं इंधन’ म्हणून शिकलेलं तेच एटीपी! पेशी दुखावली की ते बाहेर झिरपतं आणि शेजारच्या नसेला कळतं, इथे काहीतरी बिघडलंय. एटीपी निरोप्याचंही काम करतं, हे जेफ्री बर्नस्टॉक यांनी 1972मध्ये मांडलं, तेव्हा बहुतेकांनी ते उडवून लावलं होतं.

पी२एक्स३ बंद करणारं औषध, पुढे ज्याचं नाव गेफापिक्सँट पडलं, 24 रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. 2015मध्ये निष्कर्ष छापून आले: खोट्या गोळीच्या तुलनेत दिवसाचा खोकला 75 टक्क्यांनी कमी. पण औषध घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाची चव बिघडली.

मला खरी गंमत इथे वाटते. जिभेवरच्या चवीच्या पेशीसुद्धा नसेला निरोप देतात तो एटीपीनेच! एटीपीने उघडणारं हे दार तीन प्रथिनांच्या जुळणीतून बनतं. खोकल्याच्या बाबतीत तिन्ही पी२एक्स३ असलेलं दार महत्त्वाचं मानतात. चवीच्या नसेवर त्यात पी२एक्स२ या भावंड प्रथिनाची भेसळ असते. पहिलं औषध दोन्हींना अडवत होतं.

मात्रा खूप उतरवली, तर गुणही उतरला. जपानने 2022मध्ये आणि युरोपने 2023मध्ये औषधाला परवानगी दिली. अमेरिकेने दोनदा नाकारली. मोठ्या चाचण्यांत खोट्या गोळीनेही खोकला बराच उतरला होता, त्यामुळे खऱ्या गोळीचा फायदा फारच थोडा दिसला. आता कॅम्लिपिक्सँटसारखी औषधं भेसळीचं दार सोडून निव्वळ पी२एक्स३लाच अडवू पाहतात, आणि चवीच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आहेत.